आधी खुंटा, मग रेघ : पियानोच्या पेडल-खुणांच्या दुरुस्तीच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

काम : विद्यार्थ्यांसाठी तीन रचनांची छोटी पुस्तिका. शोपँचे नॉक्टर्न, ओपस ९ क्रमांक २. सातीची पहिली जिम्नोपेदी. बीथोवनच्या सोनाटा ओपस २७ क्रमांक २ चा पहिला भाग. तिन्हींवर आता कोणाचा हक्क नाही. फाइली फिनाले या संगीतलेखनाच्या प्रोग्राममध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या प्रोग्रामचा विकास थांबवल्याची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, म्हणून सगळे म्यूझिकएक्सएमएलमार्फत (एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नोटा नेण्याचा फाइल-प्रकार) म्यूझस्कोर ४ या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये आणले.

नोटा, ताल, स्लर नीट आले. पेडल मात्र विस्कटले. पुढच्या नोंदी फक्त पेडलच्या.

पायपेटीची सवय असणाऱ्यांसाठी एक खुलासा आधीच. पायपेटीत पाय हवा भरतो. पियानोत उजवे पेडल दाबले की तारांवरचे डँपर, म्हणजे स्वर थांबवणाऱ्या गाद्या, उचलले जातात आणि बोट काढले तरी स्वर वाजत राहतो. त्यामुळे पेडलची खूण दोन क्षण सांगते, पाय कधी खाली आणि पाय कधी वर. दाबण्याची खूण चुकली तर लगेच कानाला कळते. उचलण्याची चुकली तर नुसते ‘काहीतरी गढूळ वाटतेय’ एवढेच कळते आणि दोष वाजवणाऱ्याच्या माथी बसतो.

७ जानेवारी

आलेल्या खुणा तीन जातींच्या निघाल्या.

पहिली जात खऱ्या पेडल-रेषा. त्या निवडल्या की प्रॉपर्टीजमध्ये पेडल असे नाव दिसते. यांना दुरुस्ती थोडी.

दुसरी जात नुसता मजकूर. जुन्या संगीत-फाँटमध्ये ‘पेड’चे वळणदार चिन्ह, म्हणजे पाय दाबण्याची खूण, एखाद्या वेगळ्याच अक्षराच्या जागी बसवलेले असे. तो फाँट नसला की त्या जागी मूळ अक्षर उघडे पडते : कुठे उलटे उद्गारचिन्ह, कुठे रिकामा चौकोन. पाय सोडण्याची खूण असलेला तारा मात्र बहुतेक फाँटांत ताऱ्याच्याच जागी असल्याने तो साध्या टंकातला तारा होऊन शिल्लक राहिला. म्हणजे अर्धी जोडी दिसते, अर्धी गायब. असा मजकूर वाजत नाही, कारण प्रोग्रामच्या लेखी तो ‘हळू’ किंवा ‘जोरात’ असे लिहिलेल्या टिपेसारखाच आहे.

तिसरी जात सर्वांत फसवी : पेडल म्हणून दिसणारी, पण साधी रेघ असलेली. कागदावर ओळखू येत नाही. प्रॉपर्टीजमध्ये नाव पाहिल्यावरच कळते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या खुणा दुरुस्त करण्यात वेळ घालवला नाही. आधी पूर्ण पीडीएफ छापून ठेवली, म्हणजे कुठे काय होते त्याचा पुरावा राहतो. मग एक मजकूर निवडून राइट क्लिक, सिलेक्टमध्ये ‘मोअर’, त्यात ‘त्याच स्टाफवरचे’ (स्टाफ म्हणजे नोटा बसतात त्या पाच रेघा) अशी अट घालून सगळे एकदम निवडले आणि उडवले. इथे धोका एकच : बोटांचे किंवा गतीचे शब्दही स्टाफ टेक्स्ट म्हणून आलेले असतील तर तेही त्याच जाळ्यात येतात. डिलीट दाबण्यापूर्वी निळे झालेले सगळे एकदा डोळ्यांखालून घालावे.

९ जानेवारी

पुढच्या सगळ्या कामाचा नियम आज ठरला. पेडल-रेषेला दोन अँकर असतात, आम्ही त्यांना खुंटे म्हणतो. खुंटा पानावर नसतो, काळात असतो : अमुक बार (मात्रांचा एक गट), अमुक बीट (मात्रा). रेघ हे त्या दोन खुंट्यांना बांधलेले दावे. पानावर रेघ कुठेही ओढली तरी वाजताना खुंटाच मोजला जातो. म्हणून आधी खुंटा नीट करायचा, मग स्टाइलमधून सगळ्या रेघांचे रूप, आणि एखादी रेघ हाताने हलवणे अगदी शेवटी, तेही छपाईच्या आदल्या दिवशी.

नवी खूण लावण्याची रीत :

१. फक्त खालच्या स्टाफवरची पहिली नोट निवडायची, शिफ्ट धरून शेवटच्या नोटेवर क्लिक. वरचा स्टाफ निवडीत आला तर खूण दोन स्टाफच्या मधल्या जागेत घुसते.

२. कंट्रोल आणि एफ९ दाबले की पॅलेटच्या, म्हणजे तयार खुणांच्या पेटीच्या, शोधखिडकीत कर्सर जातो. तिथे पेडल टाइप करायचे, बाणाने हवा तो नमुना गाठायचा, एंटर. खुणा शेकड्याने असतील तेव्हा माउसपेक्षा हे कितीतरी जलद. एरवी नमुने कीबोर्ड नावाच्या पॅलेटमध्ये आहेत. तिसऱ्या आवृत्तीची सवय असलेले लोक ते लाइन्समध्ये शोधत बसतात.

३. रेषेचा शेवट म्हणजे निवडलेल्या शेवटच्या नोटेचा कालावधी जिथे संपतो ती जागा. ती नोट जिथे सुरू होते ती नव्हे. निम्म्या चुका इथे होतात. तिसऱ्या नोटेला पाय उचलायचा असेल तर निवड दुसऱ्या नोटेवर संपली पाहिजे.

४. शेवटचा खुंटा हलवायचा तर रेघेचे शेवटचे हँडल निवडून शिफ्टसह डावा किंवा उजवा बाण. नुसत्या बाणाने फक्त रेघ हलते, एका दाबाला ०.१ स्पेस, कंट्रोलसह १ स्पेस (स्पेस म्हणजे स्टाफच्या शेजारच्या दोन रेघांमधले अंतर). हँडलपासून निघालेली तुटक रेघ खुंट्याकडे जाते. ती लांब तिरकी दिसली म्हणजे कोणीतरी आधी ओढाओढ केली आहे असे समजावे.

५. खिडकीच्या तळाच्या पट्टीत निवडलेल्या खुणेचा आरंभ आणि शेवट बार-बीटसह येतो. डोळ्यांपेक्षा त्यावर विश्वास ठेवावा.

माउसने ओढल्यावर खुंटा हलतो की नुसती रेघ, हे प्रोग्रामच्या आवृत्तीवर आणि खुणेच्या प्रकारावर अवलंबून असते. म्हणून माउस नकोच. आधीची ओढाओढ पुसायला रेघ निवडून कंट्रोल आणि आर. खुंटे जागेवर राहतात, हाताने केलेले सरकवणे जाते.

१३ जानेवारी

नॉक्टर्न घेतले. १२/८, ई फ्लॅट मेजर, प्रथम प्रकाशन १८३२. डाव्या हाताचा साचा जवळजवळ सगळीकडे एकच : खाली एक बेस, मग वर दोन कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर), असे तीन-तीन आठव्यांचे (आठवा म्हणजे पूर्ण नोटेच्या एक-अष्टमांश लांबीची नोट) चार गट एका बारमध्ये. बेस आणि कॉर्ड यांच्यातले अंतर हातात मावत नाही, बेसवरून हात उचलावाच लागतो. म्हणून पेडल इथे शोभेचे नाही, तेच बेसला धरून ठेवते.

प्रश्न ताऱ्याचा. जुन्या छापील प्रतींमध्ये ‘पेड’ बेसखाली आहे यात वाद नाही, पण तारा कधी तिसऱ्या आठव्याखाली, कधी त्याच्या थोडा पुढे, कधी पुढच्या ‘पेड’ला चिकटून. त्या काळी धातूच्या पाटीवर खुणा कोरल्या आणि ठोकल्या जात, आणि ‘पेड’चे चिन्ह रुंद. त्यामुळे तारा बऱ्याचदा जागा मिळेल तिथे बसे. प्रोग्रामला असले ‘साधारण इथे’ समजत नाही. त्याला खुंटा ठोकायला एक नेमका क्षण हवा.

दोन्ही पर्याय मोजून पाहिले. गती आठव्याला १३२, म्हणजे एक आठवा सुमारे ०.४५ सेकंद.

पर्याय अ : खुंटा तिसऱ्या आठव्याच्या आरंभी. प्रत्येक गटात जवळजवळ अर्धा सेकंद पेडल नाही. बेस तुटतो, तिसऱ्या आठव्याचा कॉर्ड कोरडा वाजतो. वरच्या सुरावटीला बोटांचा आधार असल्याने ती टिकते. ऐकताना प्रत्येक गट श्वास घेतल्यासारखा सुटा होतो.

पर्याय ब : खुंटा तिसऱ्या आठव्याच्या शेवटी. उचल आणि पुढचा दाब एकाच क्षणी. सगळे अखंड, आजच्या कानाला ओळखीचे.

अ हाच पर्याय जुन्या खुणेशी जास्त प्रामाणिक, असे म्हणण्याचा मोह होतो. पण जिथे तारा पुढच्या ‘पेड’ला चिकटलेला आहे तिथे तोही अंदाजच. शेवटी ठरले ते असे : आधार मानलेल्या प्रतीत तारा तिसऱ्या आठव्याच्या डोक्याच्या आधी किंवा अगदी खाली असेल तर अ, त्याच्या स्पष्ट पुढे असेल तर ब. प्रत्येक गटाला हीच कसोटी. सगळीकडे एकच पर्याय लावून ‘नीटनेटके’ करणे मुद्दाम टाळले, कारण काही ठिकाणी फरक खरा असू शकतो.

आणखी एक मुद्दा. १८३० च्या सुमारासच्या पियानोत स्वर आजच्यापेक्षा लवकर विरत असे. त्या वाद्यावर लांब पेडल जितके स्वच्छ वाटे तितके आजच्या मोठ्या ग्रँडवर वाटत नाही. हे शिकवणाऱ्याने सांगायचे. खूण बदलून ते सांगू नये.

तारा काढून सगळीकडे कंस-रेघ (टोकांना वळलेली आडवी रेघ) आणि त्रिकोणी खाच देण्याचीही सूचना होती. ती नाकारली. खाच म्हणजे ‘उचल आणि लगेच दाब’. तिच्यात पर्याय अ मधली पोकळी मावतच नाही. खुणेचे रूप बदलताना अर्थही बदलतो तो इथे.

१५ जानेवारी

खुंटे बरोबर, पण चिन्हे एकमेकांवर चढली. रुंदीचा हिशेब केला. ‘पेड’ साधारण ४ स्पेस, तारा पावणेदोन-दोन स्पेस. एका बारमध्ये चार जोड्या, म्हणजे चिन्हांनाच २४ स्पेस. स्पेस १.७५ मि.मी. धरली तर ४२ मि.मी., आणि मधली हवा वेगळी. ए४ कागदाला दोन्ही बाजूंनी १५ मि.मी. समास सोडला तर १८० मि.मी. उरतात, त्यातून कंस, क्लेफ आणि तीन फ्लॅट वजा केले की १५५ ते १६०. म्हणजे ओळीला तीन बार. आधी चार होते, म्हणून गर्दी.

प्रत्येक तिसऱ्या बाररेघेवर क्लिक करून एंटर दाबला की ओळ तुटते. दोन ठिकाणी उजव्या हाताच्या बारीक नोटांमुळे दोनच बार ठेवावे लागले. पाने वाढली, वाढू देत. चिन्हे लहान करून तीच ओळ कोंबणे हा वाईट उपाय आहे : नोटा सात मि.मी.च्या स्टाफवर आणि ‘पेड’ मुंगीएवढे.

संगीताचा फाँट आधी ठरवा. लेलँडवरून ब्राव्हुरावर गेलो की ‘पेड’ची रुंदी बदलते आणि आजचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

१६ जानेवारी

नॉक्टर्नच्या शेवटाजवळचा मुक्त तालाचा बार, बारीक नोटांची लांब माळ. डावा हात थांबलेला. बारची खरी लांबी बार प्रॉपर्टीजमधून आधी वाढवली, पेडल नंतर लावले. उलट क्रमाने करू नये. लांबी बदलली की शेवटचा खुंटा बारच्या अंतावर राहिला की मध्येच अडकला, हे पुन्हा तपासावे लागते.

२० जानेवारी

जिम्नोपेदी, १८८८. ३/४. पहिल्या बीटला खोल बेस, दुसऱ्या बीटला वर कॉर्ड. बेस आळीपाळीने जी आणि डी. हाताशी असलेल्या प्रतीत पेडलची एकही खूण नाही, पण डाव्या हाताने बेस सोडल्याशिवाय कॉर्ड गाठता येत नाही, म्हणून विद्यार्थ्यासाठी खूण घालायची. दर बारला एक पेडल, प्रत्येक पहिल्या बीटला बदल. इथे कंस-रेघ आणि खाच योग्य.

खाच म्हणून वेगळे चिन्ह नाही. आधीच्या रेघेचा शेवट तिरका आणि पुढच्या रेघेचा आरंभ तिरका, दोन्ही एका क्षणी आले की त्रिकोण होतो. पॅलेटमधले नमुने असे लावले : पहिल्या बारला ‘पेड’ आणि रेघ, आणि प्रॉपर्टीजमध्ये तिचा शेवटचा हूक (टोकाचा वळलेला भाग) सरळऐवजी ४५ अंशांचा, मधल्या सगळ्या बारना ‘दोन्ही हूक तिरके’, शेवटच्याला आरंभ तिरका, शेवट सरळ. त्रिकोण जुळत नसेल, मध्ये फट असेल, तर रेघ ओढू नये. तळाच्या पट्टीत पाहावे. बहुतेक वेळा पहिली रेघ बारच्या शेवटच्या नोटेऐवजी आधीच्या नोटेपर्यंतच निवडलेली असते.

या खुणा संपादकांच्या, सातीच्या नव्हेत. म्हणून सगळ्या निवडून रेघेची शैली तुटक केली आणि पहिल्या पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली.

एक सापळा : ‘पेड’ हा शब्द प्रॉपर्टीजमधल्या आरंभ-मजकुराच्या डब्यात चिन्हाच्या टॅगच्या रूपात असतो. तो पुसून साधी अक्षरे टाइप केली की वळणदार चिन्ह जाऊन सरळ टंक येतो. परत आणायचे तर रेघ काढून पॅलेटमधून नवी लावणे सर्वांत सोपे.

२१ जानेवारी

रेघ ओळ ओलांडते तेव्हा पुढच्या ओळीच्या आरंभी कंसात ‘पेड’ येते. तो सलग-मजकूर. खरोखरच लांब पेडलला तो हवा. जिम्नोपेदीत दर बारला नवी रेघ असल्याने तो दिसायलाच नको. दिसला तर समजावे की कुठला तरी खुंटा बाररेघेपलीकडे गेला आहे. दोन सापडले. चुकीचा खुंटा शोधायची ही फुकटची युक्ती.

२३ जानेवारी

उंची. एका ओळीतल्या पेडल-रेषा प्रोग्राम आपोआप एका उंचीवर आणतो. त्यामुळे एकच खोल बेस, स्टाफखालच्या दोन-तीन जादा रेघांचा, सगळ्या ओळीला खाली खेचतो. हे दिसायला बरोबरच आहे, वाजवणाऱ्याचा डोळा एका सरळ रेषेत धावतो. बिघडते ते कोणी एका खुणेला हाताने वर उचलल्यावर : ती एकटी लोंबते, आणि पुढे मांडणी बदलली की नोटेवर चढते.

फॉरमॅट, स्टाइल, पेडल या पानावर केलेले बदल : खालची जागा ४.५ स्पेस, हूकची उंची उणे १.२ वरून उणे १ (आकडा उणे, कारण हूक वर वळतो). रेघेची जाडी तशीच. ओळीओळींतले किमान अंतर ११ स्पेस, नाहीतर ‘पेड’ची शेपटी खालच्या ओळीच्या उंच नोटांत शिरते. हे सगळे केल्यावर हाताने हलवावी लागलेली रेघ संपूर्ण पुस्तिकेत एकच उरली.

२७ जानेवारी

बीथोवन. प्रकाशन १८०२, पहिला भाग ६९ बार. सुरुवातीलाच सूचना आहे की हा सगळा तुकडा अत्यंत हळुवार आणि ‘सेंत्सा सॉर्दिनो’ वाजवावा. इथे सॉर्दिनो म्हणजे डँपर. डँपरशिवाय, म्हणजे पेडल धरून. डावे मऊ पेडल असा अर्थ लावणे ही जुनी चूक आहे, ती छापील टिपांतही आढळते.

सूचना मजकूर म्हणून जशीच्या तशी ठेवली. वर ‘पेड’चे जंगल उगवले नाही. पण मजकूर वाजत नाही आणि ऐकून सराव करणाऱ्याला कोरडी त्रिपदे (तीन-तीन नोटांचे गट) ऐकू येतात. म्हणून पेडल-रेषा लावून व्ही दाबून अदृश्य केल्या. अदृश्य खूण छापली जात नाही, वाजते मात्र. पडद्यावर करडी दिसणे ‘अदृश्य दाखवा’ बंद केले की थांबते.

बदल कुठे, ते हार्मनीवरून. बार १ : सी शार्प मायनर, एक पेडल. बार २ : बेस बी वर उतरतो, नवे पेडल. बार ३ : बेस ए, मग एफ शार्प, दोन पेडल. बार ४ : बेस जी शार्पवरच, पण वरची हार्मनी बदलते, बेस पाहून एकच पेडल दिले तर गढूळते, म्हणून दर बीटला बदल. बेस हलत नाही म्हणून पेडल बदलायचे नाही, हा समज याच बारमध्ये मोडतो.

२९ जानेवारी

ऐकून तपासणी. पेडल-रेषा मिडीत (वाद्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या भाषेत) कंट्रोलर ६४ म्हणून जाते, दाब १२७ आणि उचल ०. अर्धे पेडल या रेषेतून निघत नाही. ते हवे असेल तर लिहून सांगावे. डिजिटल पियानोसोबत येणारे साधे चौकोनी पेडल तरी कुठे अर्धे समजते? त्यात आत चालू-बंद बटणच असते.

उचल ऐकण्याची युक्ती : मिक्सरमध्ये रिव्हर्ब (खोलीसारखा घुमार) बंद, गती निम्मी. रिव्हर्ब चालू असताना उशिरा उचललेले आणि वेळेवर उचललेले पेडल जवळजवळ सारखेच वाटते.

३ फेब्रुवारी

शेवटची मोजदाद. तिन्ही फाइली कॉम्प्रेस न केलेल्या म्यूझिकएक्सएमएलमध्ये काढून साध्या एडिटरमध्ये उघडल्या. पेडल घटकाचे प्रकार ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘चेंज’. स्टार्ट आणि स्टॉप यांची संख्या जुळली पाहिजे. नॉक्टर्नमध्ये पानावरच्या खुणांपेक्षा एक जोडी जास्त निघाली : मुक्त तालाच्या बारमधल्या एकाच नोटेवर दोन रेघा, एक नेमकी दुसरीवर. पडद्यावर एकच दिसते, म्हणून इतके दिवस सुटली. वरची निवडून डिलीट केली, खालची राहिली, पुन्हा मोजले, जुळले.

कागदावर छापून स्टँडवर, डोळ्यांपासून ६० सें.मी.वर. पान ३ च्या तळाच्या ओळीत एक तारा पान-क्रमांकाला टेकतोय. रेघ हलवायची नाही. तळाचा समास ३ मि.मी. वाढवून पुन्हा छापायचे.